युद्ध लोकांना नको झालं तरी सैनिक का लढत राहतो?

कुठेही युद्ध सुरू झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आत्ता प्रश्न विचारू नका, जवानांचं मनोबल खचेल." टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, घरी जेवताना सुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा खरी काळजीच असते, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण हे खरंच असं होतं का? म्हणजे घरी बसलेल्या लोकांना युद्ध पटेनासं झालं की तिकडे खंदकात बसलेल्या पोराचे हातपाय गळतात का? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं सैन्य सुद्धा पहिल्यापासून स्वेच्छेने भरती होणाऱ्यांचं आहे, आपल्याकडे कुणाला पकडून नेत नाहीत, आणि साताऱ्या-कोल्हापूरकडे पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं ज्याने पाहिली आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

याचं उत्तर शोधायला एक युद्ध फार उपयोगी पडतं, ते म्हणजे अमेरिकेचं इराकमधलं युद्ध, मार्च २००३ ते डिसेंबर २०११. एक तर त्यात अमेरिकेच्या बाजूने लढणारा प्रत्येक जण स्वतः सही करून सैन्यात आलेला होता, दुसरं म्हणजे युद्ध जवळजवळ नऊ वर्षं चाललं त्यामुळे लोकांचं मत बदलताना नीट दिसतं, आणि तिसरं म्हणजे अमेरिकेत सैनिकांना सुद्धा सर्व्हेत उघड प्रश्न विचारतात आणि ते उत्तरं देतात. (या युद्धाशी आपलाही संबंध येता येता राहिला. अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं होतं, आणि जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने नाही म्हणून सांगितलं. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने या युद्धाविरुद्ध ठरावही केला होता.)

पण त्याआधी थोडं मागे व्हिएतनामकडे जायला लागेल, कारण "जनतेने पाठ फिरवली आणि सैन्य मोडलं" ही समजूत तिथूनच आली. व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेत ड्राफ्ट होता, म्हणजे सक्तीची भरती. डिसेंबर १९६९ मध्ये तर जन्मतारखांची लॉटरी काढली, ज्याची तारीख आधी निघेल त्याला आधी बोलावणं. तिकडे गेलेल्यांत प्रत्यक्ष ड्राफ्टने नेलेले साधारण एक तृतीयांशच होते, बाकीचे कागदोपत्री व्हॉलंटिअर, पण त्यातले कितीतरी असे की आज ना उद्या आपला नंबर लागणारच तर आपणच जाऊन जरा बरी शाखा निवडू असा विचार करून गेलेले. १९७० पर्यंत हे सैन्य आतून पोखरलं गेलं होतं, ड्रग्ज होते, हुकूम न पाळणं होतं, आणि स्वतःच्याच अधिकाऱ्यांवर हातबॉम्ब टाकायच्या घटना त्या एका वर्षात दोनशेच्या वर नोंदल्या गेल्या.

आता हे सगळं घरच्या निदर्शनांमुळे झालं असं म्हणणं सोपं आहे. पण एक गोष्ट बघा, व्हिएतनाममध्ये प्रत्येक सैनिक एकटा जायचा आणि एकटा परत यायचा. बारा महिन्यांची ड्युटी, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. तुम्ही नवीन म्हणून पलटणीत पोचलात की शेजारच्याचे चाळीस दिवस उरलेले असणार, त्याला तुमचं नावसुद्धा लक्षात ठेवायची इच्छा नाही, कारण नवखा माणूस लवकर मरतो आणि आपल्यालाही घेऊन मरतो. अधिकारी तर बऱ्याचदा सहा महिन्यांतच बदलायचे. अशा ठिकाणी माणूस कुणासाठी टिकून राहणार?

हे "कुणासाठी" फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, शिल्स आणि जानोविट्झ या दोन समाजशास्त्रज्ञांनी जर्मन युद्धकैद्यांच्या चौकशांचा अभ्यास करून एक निष्कर्ष मांडला होता, की हरत असताना सुद्धा जर्मन सैनिक इतका चिवटपणे लढला त्याचं मुख्य कारण नाझी विचार नव्हते, तर तो ज्या छोट्या गटात जेवत-झोपत होता तो गट शाबूत होता हे होतं. गट फुटला, खायला मिळेना, सार्जंट मेला, की तोच सैनिक शरण यायचा. पुढे यावर वाद झाले, पूर्व आघाडीवर गट मोडूनही लोक का लढत राहिले असं इतिहासकारांनी विचारलं आणि तिथे विचारसरणीलाही वजन द्यावं लागतं, ते बरोबरच आहे. पण मूळ मुद्दा बराचसा टिकला. गोळीबार चालू असताना माणूस संसदेतला ठराव आठवत नाही, तो डावीकडचा आणि उजवीकडचा माणूस बघतो.

व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये अमेरिकेने ड्राफ्ट बंद केला. पूर्ण स्वेच्छेचं सैन्य, पगार बाजाराच्या आसपास, ट्रेनिंग जास्त, आणि इराकच्या वेळेपर्यंत पद्धत अशी झाली की अख्खी तुकडी एकत्र जाणार आणि एकत्र परत येणार.

मग आला इराक. मार्च २००३ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेत ७२ टक्के अमेरिकन युद्धाच्या बाजूने होते. जून २००४ मध्ये पहिल्यांदा निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, म्हणाले की सैन्य पाठवणं ही चूकच होती. दरम्यान ज्यांचं कारण देऊन युद्ध सुरू केलं ती महासंहारक अस्त्रं सापडली नव्हती, इराकमधल्या अबू गरेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो बाहेर आले होते, फलुजा शहरात लढाई झाली होती. एप्रिल २००८ मध्ये चूक म्हणणारे ६३ टक्के झाले, व्हिएतनामच्या वेळी १९७१ मध्ये हाच आकडा जास्तीत जास्त ६१ पर्यंत गेला होता. म्हणजे लोकमताच्या हिशोबाने इराक हे व्हिएतनामपेक्षाही नावडतं युद्ध ठरलं.

आणि सैनिक? इथे खरी गंमत नाही म्हणणार मी, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. सैनिकांचं मत सुद्धा जनतेच्याच मागोमाग घसरलं. ते काही वेगळ्या ग्रहावर राहत नव्हते. २००६ च्या शेवटी मिलिटरी टाइम्स या सैनिकांसाठीच्या पेपरने आपल्या वाचक सैनिकांना विचारलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष युद्ध नीट हाताळतायत असं म्हणणारे ३५ टक्केच निघाले आणि नाही म्हणणारे ४२. यश मिळेल असं वाटणारे २००४ मध्ये ८३ टक्के होते ते ५० वर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत झॉग्बी या सर्व्हे कंपनीने थेट इराकमधल्या सैनिकांना विचारलं, तर ७२ टक्के म्हणाले की वर्षभरात इथून निघायला हवं. हे सगळं वाचून वाटेल की संपलं, आता व्हिएतनाम पुन्हा होणार.

पण झालं नाही. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये सैन्याच्याच स्टार्स अँड स्ट्राइप्स या पेपरने इराकमधल्या जवळपास दोन हजार सैनिकांना फॉर्म भरायला दिले होते, त्यात निम्म्यांनी आपल्या तुकडीचं मनोबल कमी आहे असं लिहिलं, आणि जवळजवळ तितक्यांनीच लिहिलं की मुदत संपली की आम्ही परत सही करणार नाही. आणि मग २००५ मध्ये काय झालं? आर्मीचं पुन्हा सही करणाऱ्यांचं टार्गेट होतं साधारण ६४ हजार, सह्या झाल्या ६९ हजारांच्या वर. ४ जुलै २००८ ला बगदादमध्ये सद्दामच्या एका राजवाड्यात बाराशेहून जास्त अमेरिकन सैनिकांनी एकाच समारंभात मुदत वाढवून घेतली. यात पैसा होता हे लपवायचं कारण नाही, युद्धक्षेत्रात सही केली की बोनसवर टॅक्स लागत नसे. पण नुसत्या पैशाने हे समजत नाही. "हे युद्ध नीट चाललेलं नाही" आणि "मी माझ्या लोकांना सोडून जाणार नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी खरी असू शकतात, आणि कितीतरी माणसांच्या मनात होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण मनोबल या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे युद्धावरचा विश्वास आणि दुसरी म्हणजे आपल्या कामावरचा, साथीदारांवरचा आणि वरिष्ठांवरचा विश्वास. पहिली गोष्ट लोकमताबरोबर वरखाली होते. सैनिक रोज ज्याच्यावर तग धरतो ती दुसरी, आणि ती टीव्हीवरच्या चर्चेने फारशी हलत नाही.

मग ती कशाने हलते?

सामानाने हलते. डिसेंबर २००४ मध्ये संरक्षणमंत्री रम्सफेल्ड कुवेतच्या कॅम्प ब्यूरिंगमध्ये सैनिकांशी बोलायला गेले, तिथे एका सैनिकाने उभं राहून विचारलं की आमच्या गाड्यांना चिलखत म्हणून लावायला आम्हाला कचऱ्याच्या ढिगातून लोखंडाचे पत्रे आणि फुटक्या काचा का शोधाव्या लागतायत. हॉलमध्ये टाळ्या आणि आरोळ्या उठल्या. नंतर कळलं की प्रश्न तयार करताना एका पत्रकाराची मदत झाली होती, त्यावरून बरंच बोललं गेलं, पण टाळ्या काही पत्रकाराने वाजवल्या नव्हत्या. रम्सफेल्ड यांचं उत्तर गाजलं, की जे सैन्य हाताशी आहे ते घेऊनच युद्धावर जावं लागतं. त्याच्या दोनच महिने आधी एका रिझर्व्ह (म्हणजे राखीव दलाच्या) कंपनीतल्या दीडएक डझन सैनिकांनी इंधनाचे ट्रक घेऊन जायला सरळ नकार दिला होता, गाड्यांना चिलखत नाही, धड चालत नाहीत, सोबत पुरेसं संरक्षण नाही म्हणून. त्या नकारात कुठेही युद्धविरोधी घोषणा नव्हती, आम्हाला फुकट मरायला पाठवू नका एवढंच होतं.

आणि वेळेने हलते. याचा पुरावा तर सैन्याच्याच डॉक्टरांनी गोळा केला. २००३ पासून मानसोपचार तज्ज्ञांच्या टीम इराकमध्ये जाऊन सैनिकांची तपासणी करायच्या. २००७ च्या पाहणीत असं दिसलं की पहिल्यांदा आलेल्या सार्जंट-कॉर्पोरल पातळीच्या लोकांत मानसिक त्रासाची लक्षणं साधारण १२ टक्क्यांत होती, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा आलेल्यांत २७ टक्क्यांत. ही माणसं म्हणजे पलटणीचा कणा, आपल्या हवालदार-नायकांसारखी, नवीन पोरांना सांभाळणारी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्मीने बारा महिन्यांची टूर, म्हणजे युद्धावरची एक फेरी, पंधरा महिन्यांची केली. घरी तारीख सांगून बसलेल्या माणसाला अजून तीन महिने थांब म्हणणं काय असतं, याची कल्पना ज्यांच्या घरात कुणी नोकरीनिमित्त लांब आहे त्यांना येईल.

त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे स्टॉप-लॉस. करार संपला तरी तुमची तुकडी युद्धावर जाणार असेल किंवा गेलेली असेल तर तुम्हाला सोडणार नाहीत. कायद्याने करारातच ती सोय होती, पण स्वतःच्या मर्जीने आलेल्या माणसाला मर्जीविरुद्ध ठेवून घेणं म्हणजे स्वेच्छेच्या सैन्याचा पायाच हलवणं झालं. लाखाहून जास्त लोकांना ते लागू झालं. अमेरिकेतच याला मागच्या दाराने आणलेला ड्राफ्ट म्हणायला लागले. शेवटी २००९ मध्ये ते हळूहळू बंद करायचं ठरलं, आणि ज्यांना अडकवलं होतं त्यांना अडकलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५०० डॉलर नंतर देऊ केले.

आता लोकमताकडे परत येऊ, कारण लोकमताचा परिणाम होतच नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. होतो, आणि मोठा होतो, फक्त तो आपण बघतो त्या जागी होत नाही. तो होतो घरातल्या जेवणाच्या टेबलावर, जिथे अठरा वर्षांचं पोरगं आईला सांगतं की मी आर्मीत जायचं म्हणतोय.

२००५ मध्ये अमेरिकन आर्मीला ८० हजार नवीन लोक हवे होते, मिळाले ७३ हजारांच्या आसपास. लक्षात घ्या, हे तेच वर्ष आहे ज्यात आतले लोक टार्गेटपेक्षा जास्त सह्या करत होते. आतला माणूस थांबतोय आणि बाहेरचा येत नाहीये. स्वेच्छेच्या सैन्यात लोकमत काय करतं ते या एका वर्षात इतकं स्वच्छ दिसतं की दुसरं उदाहरण द्यायची गरजच वाटत नाही. काळ्या समाजात या युद्धाला सुरुवातीपासूनच पाठिंबा कमी होता, तर आर्मीच्या नवीन भरतीतला त्यांचा वाटा २००० मध्ये २३ टक्क्यांच्या आसपास होता तो २००५ पर्यंत १४ च्या आसपास आला. रिक्रूटर, म्हणजे भरती करणारे सैन्याचे लोक, सांगायचे की पोरं तयार असतात, आईवडील दारातूनच परत पाठवतात. म्हणून मग आर्मीने जाहिरातीच बदलल्या, पोरांऐवजी आईवडिलांशी बोलणाऱ्या जाहिराती आल्या. आणि रिक्रूटरवर टार्गेटचं प्रेशर इतकं होतं की कागदपत्रांत फेरफार, अपात्र पोरांना पास करवणं असे प्रकार उघड झाले आणि मे २००५ मध्ये एक अख्खा दिवस देशभरची भरती थांबवून सगळ्यांना नियमांची उजळणी करायला लावली.

त्याच ऑगस्टमध्ये इराकमध्ये मुलगा गमावलेली सिंडी शीहान टेक्सासमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या रँचजवळ रस्त्याकडेला तळ ठोकून बसली, माझा मुलगा कशासाठी गेला ते मला सांगा म्हणून. तिच्या सगळ्या राजकारणाशी सहमत व्हायची गरज नाही. पण हजारो आयांच्या मनात जो प्रश्न होता तो ती मोठ्याने विचारत होती, आणि ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो तिथून पोरगं सहजासहजी भरतीला जात नाही.

सैन्याने मग काय केलं तर भोक मोठं केलं, म्हणजे चाळणीचं. भरतीची वयोमर्यादा ३५ होती ती २००६ मध्ये आधी ४० आणि मग ४२ केली. बोनस ४० हजार डॉलरपर्यंत नेला. बारावीपर्यंतचं शिक्षण पूर्ण केलेले किमान ९० टक्के हवेत असा संरक्षण खात्याचा निकष, २००७ मध्ये ते ७१ टक्क्यांवर आले. गुन्ह्याची नोंद असलेल्यांना सूट देऊन घेणं वाढलं. सूट मिळालेला प्रत्येक जण वाईट सैनिक होता असं मुळीच नाही, कितीतरी चांगले निघाले. पण युद्ध नावडतं झाल्याची किंमत सैन्याने अशी दिली, आणि पुन्हा ती पडली त्याच सार्जंटच्या अंगावर ज्याची तिसरी टूर चालू होती.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र अर्धं राहील. २००९ मध्ये अमेरिकेच्या चारही सैन्यदलांनी भरतीची संख्या आणि दर्जा दोन्ही टार्गेटं पूर्ण केली, १९७३ मध्ये ड्राफ्ट बंद झाल्यापासून पहिल्यांदा. युद्ध लोकांना आवडायला लागलं होतं का? अजिबात नाही. त्या ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, आणि जी आई २००५ मध्ये नाही म्हणत होती तिने २००९ मध्ये जा म्हणून सांगितलं, निदान पगार आणि दवाखाना तरी मिळेल. म्हणून भरतीला गर्दी झाली की लोकांचा युद्धाला पाठिंबा आहे असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आपल्याकडेही भरती मेळाव्यात हजारो पोरं आली की टीव्हीवाले तसं म्हणतात. त्या गर्दीत देशप्रेम असतं, खरंच असतं, पण कोरडवाहू शेती आणि न मिळालेली नोकरी सुद्धा त्याच रांगेत उभी असते. दोन्ही मान्य केल्याने त्या पोराचा मान कमी होत नाही.

आणखी एक बदल मला सगळ्यात जास्त टोचतो. व्हिएतनामहून परत आलेल्या सैनिकांना खूप ठिकाणी वाईट वागणूक मिळाली, त्याची अमेरिकन समाजाला पुढे लाज वाटली आणि त्यातून एक चांगली सवय लागली, की युद्ध पटो न पटो, सैनिकाचा मान ठेवायचा. इराकच्या वेळी गाड्यांवर सैनिकांच्या पाठिंब्याच्या पिवळ्या रिबिनी, विमानतळावर टाळ्या, आणि युद्धाला विरोध करणारे सुद्धा सैनिकांच्या बाजूने बोलणारे. हे फार मोठं काम झालं. पण याची दुसरी बाजू अशी की टाळ्या वाजवल्या की आपलं कर्तव्य झालं असं लोकांना वाटायला लागलं. ड्राफ्ट नाही त्यामुळे आपलं पोरगं जाणार नाही, युद्ध चालू असताना २००३ मध्ये उलट टॅक्स कमी केला त्यामुळे खिशालाही झळ नाही. लढणारे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. इराकमधल्या रमादी शहरातल्या एका भिंतीवर मरीन कोअर या अमेरिकन सैन्यदलाच्या सैनिकांनी लिहिलं होतं, "अमेरिका युद्धात नाही. मरीन कोअर युद्धात आहे, अमेरिका मॉलमध्ये आहे." त्यांची तक्रार टीकेबद्दल नव्हतीच, आपण कुणाच्या लक्षातच नाही याबद्दल होती. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉल्टर रीड या सैन्याच्या नावाजलेल्या हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिक बुरशी लागलेल्या खोल्यांत महिनोन् महिने पडून असल्याचं पत्रकारांनी उघड केलं, त्यावर आर्मीच्या मंत्र्याला जावं लागलं. म्हणजे सैनिकांचं भलं तिथे प्रश्न विचारणाऱ्यांनीच केलं.

या सगळ्याचा शेवटचा हिशोब उशिरा लागला. २०२२ मध्ये, इराक आणि अफगाणिस्तान दोन्ही संपल्यावर, अमेरिकन आर्मीला ६० हजारांपैकी तब्बल १५ हजार लोक कमी पडले. बेकारी कमी होती, कितीतरी पोरं वजन आणि परीक्षेत नापास होत होती, कोविडमुळे शाळा-कॉलेजात जाऊन भरती करता आली नव्हती, ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण होतं. अमेरिकेत नव्याने भरती होणाऱ्यांत बहुतेकांच्या घरात आधी कुणीतरी सैन्यात असतं, बाप, काका, मोठी बहीण, अगदी आपल्याकडच्या सैनिकी गावांसारखंच. सैनिकांच्या कुटुंबांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने या घरांना विचारलं होतं की तुम्ही दुसऱ्यांना सैन्यात जायचा सल्ला द्याल का, तर हो म्हणणारे २०१९ मध्ये जवळपास ७५ टक्के होते, २०२१ मध्ये ६३ टक्के राहिले. आर्मीने मग अभ्यासात आणि फिटनेसमध्ये मागे पडणाऱ्या पोरांसाठी आधीच तयारी करून घेणारा कोर्स काढला, टार्गेट ५५ हजारांवर आणलं आणि २०२४ मध्ये ते पूर्णही झालं. पण तीन-चार टूर केलेला जो बाप तेव्हा साथीदारांसाठी परत परत सही करत राहिला, तो आता स्वतःच्या मुलाला काय सांगतो, ते कुठल्या बोनसने ठरत नाही.